भागीरथीबाईची बाजू

पाहुणीनं पाहुणीसारखं राहावं, एवढंच माझं म्हणणं होतं. चार दिवस यावं, लेकीला बघावं, वाढलं ते जेवावं, जाताना किलोभर बेदाणा बांधून घ्यावा आणि एसटी धरावी. पण आमच्या विहीणबाई मिरजेहून आल्या त्या पिशवीत एक जाडजूड पुस्तक घालून. आणि तिसऱ्याच दुपारी मी चहाची किटली घेऊन शेडमध्ये गेले, तर बाई माझ्या क्रेटवर बसलेल्या.

माझ्या! द्राक्षाचा जुना क्रेट, पालथा घातलेला, वर पोत्याची घडी. दोन सुग्या झाल्या, त्याच्यावर कुणी बसलं नव्हतं. निवडणाऱ्या बायांतल्या मालननं एकदा टेकायचा विचार केला होता. मी नुसतं बघितलं. ती उभ्यानंच पाणी प्यायली आणि आपल्या जागेवर गेली.

"या, या ताई," विहीणबाई म्हणाल्या. माझ्या शेडमध्ये मलाच! "बसा की. आत्ताच सुरू केलंय."

"मला कामं आहेत," मी म्हटलं आणि किटली अशी आदळली की झाकण उडालं. एकीनंही मान वर केली नाही. ताडपत्रीभोवती बाया बसलेल्या, समोर बेदाण्याचा ढीग, काड्या एकीकडं, काळे दाणे एकीकडं. बोटं आपली चाललेली आणि कान सगळ्यांचे त्या बाईच्या तोंडाला.

आता मला एवढं का झोंबलं, हे कळायचं तर आधीचं सांगायला पाहिजे.

आमच्या तासगावच्या बाजूला बेदाण्याच्या शेडी उदंड. सुगीत निवडायला बाया मिळत नाहीत, लोक जीप घेऊन दारात उभे राहतात. आमच्या शेडला मात्र बाया आपल्या पायानं चालत यायच्या, आणि त्या माझ्यासाठी यायच्या. दुपारची भाकरी झाली, डोळे मिटायला लागले, की मी क्रेटवर बसायची आणि पुस्तक वाचून दाखवायची. मी तिसरी शिकलेली. तिसरीनंतर बापानं म्हशीमागं लावलं. पण वाचायला आलं ते आलं, ते काही बापाला परत काढून घेता आलं नाही. आमचे मालक बाजारादिवशी तासगावच्या वाचनालयातून पुस्तक आणायचे. त्यांना स्वतःला सहीपुरतंच येत होतं. "तू वाचायला लागलीस की बाया बेदाणा तोंडात टाकायच्या विसरतात," म्हणायचे. "चांगलं पुस्तक असलं की पोतंभर माल वाचतो." आणि संध्याकाळी धार काढताना हळूच विचारायचे, "मग? पुढं काय झालं त्या बाईचं?" सगळं सांगून होईपर्यंत चरवी भरायची.

मालक गेले. दिवस झाले, माणसं पांगली, आणि एक दिवस मी पुस्तक उघडलं तर मला वाचताच येईना. अक्षर दिसत होतं, शब्द लागत होता, पण पहिल्या ओळीवरून दुसरीवर जाईतो पहिली पुसलेली. डोळे पानावर आणि मन गोठ्यात. एकच ओळ चार-चारदा वाचायची आणि पाचव्यांदा तिथंच यायची. बायांना मी सांगितलं, चष्मा बदलायचाय. चष्मा बदलला. मग सांगितलं, हल्लीची पुस्तकं बारीक छापतात. मग सांगितलं, हल्लीच्या लिहिणाऱ्यांना लिहिता येत नाही. हे सगळ्यांना पटलं.

मुलानं, विलासनं, तेवढ्यात मोबाईल आणून दिला. त्यात बरं होतं. बोटानं वर सारलं की नवा माणूस, नाचतो, स्वयंपाक करतो, नाही आवडला तर पुन्हा सारायचं. कुणाचं काही लक्षात ठेवायला नको. एकदा मी पुस्तकाचं पानसुद्धा तसंच बोटानं वर सारायला गेले होते. कुणी बघितलं नाही म्हणून बरं.

तर माझं हे असं चाललेलं असताना सुजाता, आमची सून, शेडच्या पायरीवरून घसरली आणि पायाला प्लास्टर चढलं. तिची आई मदतीला आली. यावंच. लेकीची आई आहे. पण मदतीला आलेल्या बाईनं भाकरी थापाव्यात का क्रेटवर बसावं?

भाकरी थापत होत्या, खोटं कशाला बोलू. पहाटे उठून थापायच्या, माझ्यापेक्षा पातळ. तेही मला आवडत नव्हतंच.

वाचायच्या मात्र झकास. हे मी त्या वेळी कुणाच्या बापाजवळ कबूल केलं नसतं. मी आपली एका दमात वाचायची, टिपूर चांदण्यात गाडी हाणावी तशी. विहीणबाईंचं तसं नव्हतं. थांबायच्या. पदर सारखा करायच्या. म्हातारा बोलायला लागला की म्हाताऱ्याचा आवाज, पोर बोललं की पोराचा. पुस्तकातल्या सुमन नावाच्या सुनेचा नवरा परगावी निघाला, तेव्हा त्यांनी असा काही गळा काढला की निवडणारी झुंबर हातातला काळा दाणा चांगल्या मालात टाकून डोळे पुसायला लागली.

"झुंबर!" मी ओरडले. "रडायचं तर माल बाजूला ठेवून रड."

"आक्का, तुम्हीबी ऐका की वो," झुंबर नाक ओढत म्हणाली. "लई ग्वाड वाचत्यात."

"गोड खाऊन दात किडतात."

आणि सुजाता! बाजेवर पाय लांब करून शेडच्या दारात बसलेली. सात वर्षं ह्या घरात आहे, माझं वाचन ऐकायला हिला कधी सवड झाली नव्हती. हे काम आणि ते काम. आता आईकडं अशी बघत होती, जसं काही लेकीनंच आईला वाचायला शिकवलंय.

दुसऱ्या दिवशी बरोबर वाचन रंगात आलं आणि मी बेदाणा साफ करायचं मशीन चालू केलं. घर्रर्र आवाज, धूळ, काड्या. विहीणबाई थांबल्या. पानात बोट घालून, मांडीवर पुस्तक ठेवून, माझ्याकडं बघून शांत हसत बसल्या. मशीन चाललं तोवर बसल्या. मी बंद केलं तशी त्याच शब्दावरून पुढं. बाया माझ्यावर अशा करवादल्या, जसे काही मी त्यांच्या भाकरीत खडे टाकलेत.

"मशीन सकाळी लावायचं असतंय न्हवं, आक्का?" मालन म्हणाली. मालनची जीभ म्हणजे कोयता. माझ्यानंतर गावात तिचाच नंबर. "का दुपारचं काय नवीन निघालंय?"

"माझं मशीन, माझी वीज."

"व्हय की. फकस्त कान आमचं."

त्या रात्री जेवताना माझ्या मनात आलं ते असं. पुस्तक आपण आधी वाचून काढायचं. पार शेवटापर्यंत. आणि विहीणबाई ऐन भरात आल्या की चहा देता देता म्हणायचं, "ती सुमन ना? मरते ती शेवटी." किंवा जे काय होत असेल ते. मग बघू, बाया कशाला ऐकत बसतात. झोपेपर्यंत मी ह्या विचारानं अगदी खुशीत होते. वाचायला कसं येणार, एवढंच विसरले होते.

विहीणबाईंची सकाळची अंघोळ आणि पूजा म्हणजे एक प्रकरण होतं. तेवढा वेळ पुस्तक खिडकीत पडून असायचं. मी ते उचललं. घर माझं, खिडकी माझी, मी चोरी केली असं कुणी म्हणू नये. पदराखाली घालून परसात बंबापाशी गेले, पाटावर बसले आणि त्यांनी खूण म्हणून घातलेली लग्नपत्रिकेची चिठ्ठी होती तिथून सुरू केलं.

पहिली ओळ वाचली. दूध उतू गेलं असेल का? पुन्हा पहिली ओळ. ती तांबडी कोंबडी खुडूक झालीय, अंड्यांवर बसवायला पाहिजे. पुन्हा पहिली ओळ. विलासनं औषध फवारलं का? बंब भसाभसा पेटलेला, आतून विहीणबाईंची आरती ऐकू येतेय, आणि मी त्याच ओळीवर. मला असा राग आला! पुस्तकाचा नाही, त्या आरतीचा. ही बाई एवढी मिरजेची, हिला येतं, आणि मला येत नाही? मी मोठ्यानं वाचायला लागले. म्हणजे पुटपुटत, पण तोंडानं. ओळीखाली बोट धरून, पहिलीतल्या पोरासारखं. एक गोवरी बंबात सारायची आणि ती जळेपर्यंत मान वर करायची नाही, कोंबडी मरू दे नाहीतर जगू दे. पहिल्या दिवशी अर्धं पान झालं. घामानं भिजले होते. त्यात काय लिहिलं होतं ते विचाराल तर सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पान झालं. तिसऱ्या दिवशी माझं डोकं ठणकलं, पण एक गोष्ट खटकली.

पुस्तकात ती सुमन आणि तिची सासू भागीरथीबाई. विहीणबाईंनी वाचलेली भागीरथीबाई म्हणजे अगदी देवाघरची गाय. सुनेला तूप वाढते, डोक्यावरून हात फिरवते, "दमलीस का ग बाळ?" म्हणते. मला ती बाई ऐकूनसुद्धा झोप यायची. आणि इथं बंबापाशी मी वाचतेय, तर ही भागीरथीबाई दुधाच्या कपाटाला कुलूप लावून किल्ली कनवटीला खोचतेय! मी म्हटलं, माझंच चुकलं. पुन्हा वाचलं. कुलूपच. किल्लीच. मी मागं गेले. आदल्या दुपारी तूप वाढलेलं, ते पान शोधलं. तूप कुठलं? तिथं भागीरथीबाई सुनेला म्हणत होती, "तुझ्या बापानं तूप दिलं असतं तर आमच्या पानात दिसलं असतं."

मी खदाखदा हसले. एकटीच. काय बोलली! असं बोलायला डोकं लागतं.

तिथून मी पहिल्या पानावर गेले. गोवऱ्या किती सारल्या ते कळलं नाही; पाणी इतकं उकळलं की विलासनं अंघोळीला घेतलं तेव्हा बोंबलतच बाहेर आला. मी वाचत होते. कारण आता मला भागीरथीबाई काय बोलतेय ते पाहिजे होतं. सुमन रडायला लागली की पान उलटायची. भागीरथीबाई आली की सावरून बसायची. ती बाई वाईट होती, उगाच कशाला झाकू? पण नवरा तरणा असताना गेलेला, दीर जमिनीवर टपलेले, आणि तिनं एकटीनं त्या घराचा उंबरा राखलेला. तिच्या प्रत्येक टोमण्यामागं एक दार होतं, आणि ते दार धरून ती उभी होती. विहीणबाईंच्या वाचनात ह्यातलं काही नव्हतं. तिथं ती नुसती तूप वाढत होती.

आठवडाभरात मी त्यांच्या बरीच पुढं गेले. मोबाईल कुठं ठेवलाय ते मला माहीत नव्हतं. आणि दुपारी शेडमध्ये मी आता मुद्दाम जाऊन बसायला लागले, हातात सूप घेऊन, बेदाणा पाखडत. मला बघायचं होतं, ही बाई करते तरी काय.

छापलेलं मला पाठ होतं. त्या वाचायच्या, मी मनात मूळ शब्द म्हणायची. बाकी सगळं जसंच्या तसं, कान्यामात्र्याचा फरक नाही. पण भागीरथीबाई आली की विहीणबाई एक श्वास घ्यायच्या, डोळा माझ्याकडं जायचा, आणि कडू होतं ते गोड होऊन बाहेर यायचं. शिवी असली की आशीर्वाद. कुलूप असलं की उघडं कपाट. अगदी सफाईनं, मालाच्या ढिगातून काळा दाणा उचलावा तसं.

हे त्या का करतात, ह्याच्याशी मला काय करायचंय? मला एवढंच कळलं, की बाई माझ्या तावडीत सापडली. मिरजेची वाचणारी खोटं वाचते! शेवट सांगून वाचन मोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं होतं. मी फक्त वेळ बघत होते. खरं तर उद्या, परवा असं करत मी ते लांबवतही होते, कारण एकदा सांगितलं की त्यांनी पुस्तक पिशवीत घातलं असतं, आणि माझी अजून शंभरेक पानं राहिली होती.

मग ती दुपार आली.

त्या दिवशी ऊन असं होतं की शेडचे पत्रे तडतडत होते. विहीणबाई क्रेटवर. सुजाता बाजेवर. मी सुपाशी. मला ते पान माहीत होतं, सकाळीच पुन्हा वाचलं होतं. त्यात भागीरथीबाई सुमनला घराबाहेर काढते.

विहीणबाईंनी श्वास घेतला. "मग सासूबाई म्हणाल्या," त्या वाचायला लागल्या, "बाळ सुमन, तू फार दमलीस. आता माहेरी जाऊन थोडी विश्रांती घे. आणि टळटळीत उन्हात, अनवाणी पायांनी, सुमन घराबाहेर पडली. मागं दाराला आतून कडी लागली."

बोटं थांबली. सगळ्यांची.

"म्हंजे?" मालन म्हणाली.

"म्हणजे... माहेरी निघाली," विहीणबाई म्हणाल्या.

"इश्रांतीला?"

"हो."

"भर उन्हाची? पायात वहाण न्हाय, आन इश्रांतीला? आन कडी कशापायी लावली मग?"

"उन्हाची झळ आत येऊ नये म्हणून," विहीणबाई म्हणाल्या. आवाज जरा पडला होता.

"काय बाई सासू म्हणायची," झुंबर म्हणाली. "येडी हाय का काय?"

वेडी! भागीरथीबाईला वेडी म्हटलं! माझ्या हातातलं सूप खाली पडलं, बेदाणा सगळीकडं गेला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "धाडली नाही तिला! हाकलली! बखोटीला धरून हाकलली!"

मालनची मान झटकन माझ्याकडं वळली.

"तुमास्नी काय ठावं, आक्का?" मालननं विचारलं.

"वाचलंय मी."

"कवा?"

"तुला काय करायचंय कधी? वाचलंय." मी उठले. विहीणबाईंच्या समोर जाऊन हात पुढं केला. "आणा इकडं."

त्यांनी पुस्तक दिलं. क्रेटवरून उठायलाही लागल्या, पण मी म्हटलं, "बसा," आणि उभ्यानंच वाचायला लागले.

छापलं होतं तसं वाचलं. "ऊठ. ह्या घरात तुझ्या नावाचा पाटसुद्धा नाही. बापाला सांग, लेक परत पाठवलीय, मोजून घे." बायांच्या तोंडून "आई ग!" निघालं. सुमन पाया पडली, तेही वाचलं. भागीरथीबाईनं बखोट धरलं, दार उघडलं, कडी घातली, तेही वाचलं. मग त्यापुढचं, जे विहीणबाईंच्या वाचनात कधी आलंच नसतं. दार लावून ती वळते, तर सुमनच्या वहाणा तिथंच उंबऱ्याच्या आत राहिलेल्या. ती बघत उभी राहते. वाकते. वहाणा उचलते, पदरानं पुसते आणि आत नेऊन आपल्या वहाणांशेजारी ठेवते. मोलकरीण म्हणते, टाकून देऊ का? तर भागीरथीबाई म्हणते, "हात लावलास तर हात मोडीन. तिच्या आहेत."

माझा दम लागला तेव्हा मी थांबले. पान नव्हे, प्रकरण संपलं होतं. मधे कोंबडी आली नव्हती, दूध आलं नव्हतं, फवारणी आली नव्हती.

कुणी बेदाणा निवडत नव्हतं. झुंबर रडत नव्हती, नुसती बघत होती.

"हां," मालन म्हणाली. "आता सासू आली." मग तिनं मान वळवली. "पर काय वो, विहीणबाई, तुमी असलं का वाचत हुता? डोळ्याला दिसत न्हाय व्हय?"

विहीणबाई खाली बघत होत्या. मला वाटलं होतं, ह्या वेळी मला किती बरं वाटेल. सगळ्या बायांसमोर पकडली होती. मी पुस्तक छातीशी धरून वाट बघत होते.

"दिसतं," त्या म्हणाल्या.

"मग?"

"आई, नको," सुजाता बाजेवरून म्हणाली.

"विचारलंय ना त्यांनी, सांगू दे." विहीणबाईंनी पदर सारखा केला, पण आता तो वाचतानाचा पदर नव्हता. "माझी मुलगी ह्या घरात आहे, मालनबाई. मी आज आहे, उद्या मिरजेला. ती इथंच राहायची. ह्यांच्या शेडमध्ये, ह्यांच्या माणसांत बसून मी सासूला वाईट म्हणू? पुस्तकातली का असेना. ताई ऐकत बसतात. त्यांना वाटायचं, विहीण पुस्तकाच्या आडून मलाच बोलून घेतेय. त्याचं सगळं मग सुजाताच्या पानात पडायचं."

मी सुजाताकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. प्लास्टरवरची धूळ झाडत होती, नसलेली धूळ. म्हणजे हे दोघींचं आधीच बोलून झालेलं होतं. आई आत आल्या आल्या लेकीनं सांगितलं असणार, सासूपुढं जपून. आणि आईनं जपलं. एवढं जपलं, की अख्खं पुस्तक सोलून काढलं.

"आत्या," सुजाता मला हळूच म्हणाली, "आईला परवाच्या गाडीनं जाऊ दे. पाय बरा आहे आता माझा."

विहीणबाई उठल्या. पुस्तक परत घ्यायला त्यांनी हात पुढं केला.  सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, आता आक्का काय ओकणार म्हणून.

मी पुस्तक दिलं नाही.

"कुठं निघालात?" मी म्हटलं. "बसा खाली. बसा म्हणते ना. आता माझं ऐका, विहीणबाई. मी तिखट आहे हे तासगावापासून मिरजेपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, आणि तुम्हाला लेक देतानाही माहीत होतं. तुम्ही त्या बाईला तूप लावलंत म्हणून मी गोड होत नाही. मला भ्यालात, भ्या. माझी ना नाही. तुमच्या लेकीला मी बोलत असेन तर तोंडावर मला विचारा, भांडा, मी पण भांडेन. पण एवढ्या जाड पुस्तकात लिहिणाऱ्यानं एकच जितं माणूस घातलं होतं, आणि तुम्ही नेमकं तेवढंच मारलंत. हा तुमचा गुन्हा आहे, आणि त्याची शिक्षा ऐका. पुस्तक संपेपर्यंत तुम्ही मिरजेला जायचं नाही. ती सुमन, तिचा नवरा, म्हातारा, पोरं, सगळी रडकी माणसं तुम्ही वाचायची, तुम्हाला ती चांगली जमतात. आणि भागीरथीबाई आली की गप पुस्तक माझ्या हातात द्यायचं."